दोन्ही दारं

चाळीस वर्षं तू एकच नियम पाळलास, वीब्रेन:
वरचं दार उघडं असताना
खालच्याला हात लावायचा नाही.
कालव्याचं पाणी वर, सरोवराचं तीन हात खाली,
मधल्या हौदात होडी, होडीत घाईला आलेले लोक,
आणि तू चाकाशी, विझलेला पाइप तोंडात,
पाणी पातळीला येईस्तोवर ढिम्म.
मी खिडकीतून गळाची काठी बाहेर काढायचे,
टोकाला दोरी, दोरीला लाकडी बूट.
आत नाणी किती पडली
ते नुसत्या आवाजावरून सांगायचे.

मग मूत्रपिंडं संपावर गेली,
आणि लेवार्डनच्या इस्पितळात
त्या पोरसवदा डॉक्टरीणबाईनं
पाकिटाच्या पाठीवर तुझा हात काढला.
ही रोहिणी, म्हणाली, हृदयाकडून निघालेली,
जाड भिंतीची, प्रत्येक ठोक्याला फुगणारी.
ही नीला, परतीची, पातळ, सोशिक.
हिच्यात जागोजाग दारं, एकाच बाजूला उघडणारी,
म्हणून तर पायातलं रक्त चढण चढून येतं;
चालताना पोटरी पिळते, तेच तिचं चाक.
तू मान हलवलीस. दारं तुला कळतात.

"आणि दोघींच्या मधे?"

मधे केसाहून बारीक गल्ल्या,
इतक्या अरुंद की तांबडी पेशी
अंग चोरून, वाकून, एकेकटी जाते.
तिथेच, त्या अडचणीत, सगळी देवघेव:
श्वास द्यायचा, राख घ्यायची.

"म्हणजे हौद," तू म्हणालास. "जिथं थांबावंच लागतं."
ती हसली. "आम्ही तोच वगळणार.
मनगटाशी रोहिणी थेट नीलेला जोडू."

गाडीत तू बराच वेळ गप्प.
मग म्हणालास, दोन्ही दारं एकदम.
फ्रानेकरच्या वळणावर पुन्हा,
दोन्ही दारं एकदम, हिल्त्ये,
आणि वर पगार घेतात त्याचा.

सहा आठवड्यांत नीला पालटली.
बिचारीला एवढ्या जोराची सवय नव्हती;
ती जाड झाली, कातडीखाली
दोरखंडासारखी उठून आली.
आता सोमवार, बुधवार, शुक्रवार
तिच्यात दोन सुया, एक नेणारी, एक आणणारी,
आणि चार तास तुझं रक्त
खोलीतल्या यंत्रातून फिरून येतं.
परदेशी जाऊन आलं, तू म्हणतोस,
पण पत्र एक नाही.

त्या हाताची बोटं मात्र गार पडतात.
कारण मला कुणी सांगायला नको.
जवळची वाट फुटली की पाणी
शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही.
मी लोकरीचा हातमोजा विणला, एकच.
शेजारची आउक्ये हसली. हसू दे.

नर्सनं शिकवलंय, रोज तपासायचं:
मनगटावर हात ठेवला की थरथर लागली पाहिजे.
नाही लागली तर फोन, लगेच, रात्र असली तरी.
मी हात ठेवत नाही, कान ठेवते.
आत मांजर घुरघुरावं तसं.
नाही, मांजर नाही.
नोकरीच्या पहिल्या वर्षी खालच्या दाराची फळी कुजली होती,
रात्रभर फटीतून पाणी घुसत होतं,
आपण दोघं पलंगावर जागे,
तू म्हणालास, उद्या बघतो,
आणि मला वाटत होतं, नकोच बघू.

डॉक्टरीणबाई म्हणाली होती,
रक्ताला सगळं अंग फिरून यायला
मिनिटभर पुरतं, फार तर.
म्हणजे आत्ता माझ्या कानाखालून गेलं ते
मी कूस बदलायच्या आत परत येणार;
काही तर त्याच्याही आधी, चोरवाटेनं.

बूट अजून स्वयंपाकघरात खिळ्याला आहे, त्यात कांदे.
कधी वाटतं, उठावं, काठी काढावी,
जाणाऱ्या प्रत्येकापुढे धरावी.
तू झोपलेला असतोस, तोंड उघडं,
दाढीचे दोन दिवस वाढलेले खुंट.
जाऊ दे, मी म्हणते.
आज सगळ्यांना फुकट.